एका नावाची दुरुस्ती : महामहोपाध्याय वा. वि. मिराशी आणि कोरीव लेखांचा अभ्यास



इतिहासाच्या पुस्तकात आपण सहज वाचून जातो, की अमुक राजाने अमुक देवळाला गाव दान दिलं, अमुक राजाचा मुलगा अमुक होता. परीक्षेपुरतं पाठही करतो. पण हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या मुलाचं नाव आपल्याला कळलं कसं, हा प्रश्न तुमच्या मनात कधी आला का? त्या काळी वर्तमानपत्रं नव्हती आणि जन्मदाखलेही नव्हते. मग हे नाव कुणी सांगितलं?

उत्तर असं, की दगडाने सांगितलं, तांब्याच्या पत्र्याने सांगितलं. त्यांचं बोलणं समजून घेण्यासाठी काही माणसांनी आपलं अख्खं आयुष्य खर्च केलं. त्यांतले एक थोर अभ्यासक आपल्या मातीतले. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. त्यांचा जन्म १३ मार्च १८९३ रोजी देवगड तालुक्यातल्या कुवळे गावी झाला. आज देवगड सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे, पण १ मे १९८१ रोजी तो जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता.

आजच्या पाठात त्यांचं काम समजून घेऊ. ते समजून घेताना एक गोष्ट नीट पाहायची आहे. छापलेलं वाचन चुकू शकतं, आणि ते दुरुस्त करता येतं ते मूळ दगड किंवा पत्रा शिल्लक असेल तरच.

१. आधी चार शब्द समजून घेऊ

कोरीव लेख : टिकाऊ वस्तूवर कोरलेला मजकूर. दगडावर असेल तर शिलालेख, तांब्याच्या पत्र्यावर असेल तर ताम्रपट.

दानपत्र : राजाने किंवा अधिकाऱ्याने देवळाला, मठाला, विहाराला किंवा विद्वानाला जमीन, गाव अथवा उत्पन्न दिल्याचा दस्तऐवज. आजच्या भाषेत सांगायचं तर त्या काळचा सातबारा आणि बक्षीसपत्र एकत्र. बहुतेक ताम्रपट याच प्रकारचे असतात.

ठसा : दगडावर ओला कागद चिकटवून, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवतात. कागद थोडा सुकला की वरून शाईची गादी हलकेच फिरवतात. सपाट भाग काळा होतो, खोल अक्षरं पांढरी राहतात. हा कागद घरी नेऊन निवांत वाचता येतो.

वाचन : प्रत्येक अक्षर ओळखून लेख आजच्या लिपीत उतरवणं. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळी मेख इथेच आहे.

२. न येणारी लिपी वाचायची कशी?

मुळात जी लिपी वाचणारा एकही माणूस जगात उरलेला नाही, ती वाचायची कशी? इथे इजिप्तचं आणि भारताचं उदाहरण शेजारी शेजारी ठेवून बघा.

इजिप्तच्या देवळांच्या भिंती चित्रलिपीने भरलेल्या आहेत. ती वाचणारं शेकडो वर्षं कुणी नव्हतं. १७९९ मध्ये रोझेटा गावाजवळ एक शिळा सापडली. तिच्यावर इ.स.पू. १९६ मधला, पाचव्या टॉलेमी राजाच्या काळातला एकच हुकूम तीन लिप्यांत कोरलेला होता आणि त्यांतली ग्रीक लिपी लोकांना येत होती. चित्रलिपीत राजांची नावं लंबगोल चौकटीत कोरत. त्या चौकटीतल्या नावांचा धागा पकडून शाँपोलियाँ या फ्रेंच अभ्यासकाने १८२२ मध्ये लिपीची उकल जाहीर केली.

आपल्याकडे अशोककालीन ब्राह्मी लिपीची हीच अवस्था होती. लेख डोळ्यांसमोर, पण वाचता येत नाहीत. जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे सांचीच्या स्तूपावरच्या छोट्या छोट्या लेखांच्या नकला आल्या. त्यांच्या लक्षात आलं, की बऱ्याच लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं येतात. स्तूपाच्या कठड्यावर लोक काय कोरून ठेवतील? आपलं नाव आणि आपण केलेलं दान! म्हणजे शेवटचा शब्द 'दानं' असणार. या दोन अक्षरांनी कुलूप उघडलं आणि १८३७ मध्ये ब्राह्मीचं वाचन मार्गी लागलं.

बघा हं, इजिप्तमध्ये किल्ली ठरलं राजाचं नाव, आपल्याकडे ठरला 'दान' हा शब्द. पुढे मिराशींनी जे शेकडो लेख वाचले, त्यांतले बहुतेक दानाचेच होते. म्हणून हा शब्द लक्षात ठेवा.

३. कुवळ्याहून नागपूरला

मिराशी मुळात संस्कृतचे विद्यार्थी. कोल्हापूर आणि पुणे इथे त्यांचं शिक्षण झालं. पुढे ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि नागपूर हीच त्यांची कर्मभूमी झाली.

संस्कृतचा प्राध्यापक म्हणजे कालिदास, भवभूती शिकवणारा माणूस. मिराशींनी ते शिकवलंच, त्यांच्यावर ग्रंथही लिहिले. पण मध्य प्रांतातले जुन्या लेखांचे मोठे जाणकार रायबहादूर हिरालाल यांच्या सहवासात ते कोरीव लेखांकडे वळले. हा बदल नीट समजून घ्या. छापील काव्य वाचताना शब्द समोर असतात आणि आपण अर्थ लावतो. शिलालेखात आधी शब्दच मिळवावा लागतो! पावसाने झिजलेला, शेवाळाने झाकलेला, मधेच टवका उडालेला. व्याकरण, वृत्त, शब्दसंपत्ती सगळी पक्की असेल तरच गाळलेल्या जागेत काय असू शकतं याचा अंदाज येतो. मिराशींचं संस्कृत इथे कामी आलं.

भारतातले कोरीव लेख राजवंशांनुसार, शास्त्रीय पद्धतीने छापणारी एक मोठी सरकारी ग्रंथमाला आहे. तिचा अशोकाच्या लेखांचा पहिला खंड १८७७ मध्ये कनिंगहॅम यांनी काढला. त्याच मालेत मिराशींनी एकट्याने तीन खंड सिद्ध केले. १९५५ मध्ये कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा चौथा खंड, १९६३ मध्ये वाकाटकांचा पाचवा खंड आणि १९७७ मध्ये शिलाहारांचा सहावा खंड. शेवटचा खंड निघाला तेव्हा त्यांचं वय होतं ८४ वर्षं!

हे सगळं फक्त इंग्रजीत करून ते थांबले नाहीत. शिलाहारांवर आणि सातवाहन-क्षत्रपांवर त्यांनी मराठीत मूळ लेखांसह मोठे ग्रंथ दिले. त्यांच्या संशोधन लेखांचे 'संशोधन मुक्तावली' या नावाचे अनेक भाग आहेत. १९४१ मध्ये त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली, १९७५ मध्ये पद्मभूषण. ३ एप्रिल १९८५ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

ही झाली सनावळी. आता प्रत्यक्ष काम बघू.

४. अजिंठ्याच्या भिंतीवरचा हरवलेला राजा

अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्याबाहेर, व्हरांड्याच्या डाव्या टोकाच्या भिंतीवर एक मोठा संस्कृत लेख आहे. हरिषेण या वाकाटक राजाचा सचिव वराहदेव याने हे लेणं बौद्ध भिक्षुसंघाला दान दिलं, असं तो लेख सांगतो. सुरुवातीला वाकाटक राजांची वंशावळ आहे, पद्यात. पण भिंत उघड्यावर. पावसाने अक्षरं खूप झिजलेली.

१९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख वाचायचा प्रयत्न केला. पुढे ब्यूलर या मोठ्या जर्मन पंडितांनी तो संपादित केला. वंशावळीत पहिल्या प्रवरसेनाच्या मुलाचं नाव झिजलं होतं. शेवटचं '-सेन' जुळत होतं, पुढची अक्षरं अस्पष्ट. ते नाव 'रुद्रसेन' असं वाचलं गेलं. त्याच्या पुढच्या राजाचं नाव 'पृथिवीषेण' असं लावलं गेलं.

असं का झालं? कारण वाकाटकांचे जे दुसरे ताम्रपट तोवर सापडले होते, त्यांत रुद्रसेन आणि पृथिवीषेण ही नावं होती. म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यात ती आधीपासून होती. डोळ्यांना अर्धवट दिसलं आणि डोक्याने उरलेलं भरून काढलं. आपलंही असंच होतं की नाही? घाईत पेपर लिहिताना प्रश्न अर्धा वाचायचा आणि आपल्याला येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून मोकळं व्हायचं! ब्यूलर काही घाई करणारे नव्हते. तरी एवढ्या मोठ्या पंडिताच्या बाबतीत हे घडलं, यावरून हे काम किती कठीण असतं ते समजा.

एक खटकणारी गोष्ट मात्र राहून गेली होती. ताम्रपटांत पहिला रुद्रसेन हा पहिल्या प्रवरसेनाचा नातू होता. अजिंठ्याच्या वाचनात तो मुलगा होत होता. मेळ बसत नव्हता.

१९३९ मध्ये वाशीमला चार पत्र्यांचा एक ताम्रपट उजेडात आला. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. हा ताम्रपट दुसऱ्या विंध्यशक्ती या वाकाटक राजाचा. त्यात राजाच्या बापाचं नाव स्वच्छ कोरलेलं होतं, सर्वसेन. आणि हा सर्वसेन पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा!

मिराशींनी आता अजिंठ्याचा लेख नव्याने तपासला. 'रुद्रसेन' वाचलं होतं तिथे 'सर्वसेन' बसत होतं. 'पृथिवीषेण' वाचलं होतं तिथे 'विंध्यसेन', म्हणजेच वाशीमच्या ताम्रपटातला विंध्यशक्ती. १९४१ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व मालेत त्यांचं हे नवं संपादन प्रसिद्ध झालं.

तुम्ही म्हणाल, सर, दोन नावं बदलली, त्यात एवढं काय? एवढं असं, की वाकाटकांची एकच गादी सलग चालली ही समजूत मोडली. एक शाखा नागपूरजवळच्या नंदिवर्धनची, दुसरी वत्सगुल्माची, असे दोन वेगळे वंश स्पष्ट झाले. अजिंठ्याची १६, १७, १९ ही प्रसिद्ध लेणी ज्या हरिषेणाच्या काळाशी जोडली जातात, तो या वत्सगुल्म शाखेचा. आणि 'हरिविजय' नावाचं एक प्राकृत काव्य होतं. ते आज उपलब्ध नाही, पण जुन्या साहित्यशास्त्रकारांनी त्याचा उल्लेख केला आहे. त्याचा कर्ता सर्वसेन हाच राजा असल्याचं अभ्यासक मानतात. चार अक्षरी नावातली पहिली दोन अक्षरं नीट लागली आणि एक राजा, एक शाखा, एक कवी जागेवर आला.

आता पाठाच्या सुरुवातीला सांगितलेली गोष्ट आठवा. ही दुरुस्ती शक्य झाली, कारण भिंत जागेवर होती. कुणी ती सिमेंटने लिंपली असती, तर छापील पुस्तकातला 'रुद्रसेन' कायमचा तसाच राहिला असता.

५. देवळाचा धर्म : शास्त्रात आणि व्यवहारात

रत्नागिरी जिल्ह्याचे आणखी एक महामहोपाध्याय तुम्हाला माहीत असतीलच, पांडुरंग वामन काणे. चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे. 'धर्मशास्त्राचा इतिहास' हा त्यांचा पाच खंडांचा ग्रंथ, आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. दोघांच्या कामातला फरक असा सांगता येईल. काणे यांनी धर्माबद्दल शास्त्रग्रंथ काय सांगतात ते उलगडलं. मिराशींनी वाचलेले लेख सांगतात, की लोकांनी प्रत्यक्षात काय केलं. शास्त्र म्हणजे नियम, आणि दानपत्र म्हणजे त्या दिवशीची नोंद. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय जुन्या काळचा धर्म कळत नाही.

वाकाटकांचंच बघा. पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध केले, असं लेख सांगतात. दुसरा रुद्रसेन विष्णूचा भक्त. त्याची राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिचीही भक्ती विष्णूवर. पतीच्या निधनानंतर तिने मुलाच्या वतीने राज्य चालवलं. पुण्याला सापडलेल्या तिच्या ताम्रपटात तर वंशावळ माहेरची, गुप्तांची दिली आहे! आणि तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन स्वतःला महेश्वराचा परम भक्त म्हणवतो. वत्सगुल्माच्या शाखेत हरिषेणाचा सचिव बौद्ध भिक्षूंना लेणं देतो. एकाच राजकुळाच्या आसपास ही सगळी श्रद्धास्थानं नांदत होती. हे कुणा ग्रंथात सिद्धांत म्हणून लिहिलेलं नाही, लेखांतून दिसतं.

६. खारेपाटणचा ताम्रपट : आपल्या दारातला धडा

आता आपल्या कोकणात येऊ. खारेपाटण तुम्हाला मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव म्हणून माहीत असेल. तिथे तीन पत्र्यांचा एक ताम्रपट मिळाला. दक्षिण कोकणच्या शिलाहार वंशातल्या रट्टराजाचा. शके ९३०, म्हणजे इ.स. १००८.

हा लेख पहिल्यांदा कुणी प्रसिद्ध केला असेल? 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांनी! तेही देवगड तालुक्यातल्याच पोंभुर्ल्याचे. आपण ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा करतो तो त्यांच्या 'दर्पण'मुळे, पण कोरीव लेख वाचणाऱ्या पहिल्या भारतीयांतही त्यांचं नाव आहे, हे सहसा सांगितलं जात नाही. जांभेकरांनंतर कीलहॉर्न यांनी हा लेख पुन्हा संपादित केला आणि पुढे मिराशींनी शिलाहारांच्या खंडात. एकच ताम्रपट, तीन पिढ्या, तीन वाचनं. आधीच्याच्या खांद्यावर पुढचा उभा.

ताम्रपटात आधी राष्ट्रकूट राजांची वंशावळ आहे. मग शिलाहारांची. मूळ पुरुष सणफुल्ल, त्याला कृष्णराजाच्या कृपेने सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधला प्रदेश मिळाला. त्याचा मुलगा धम्मियर, त्याने वलिपत्तन हे नगर वसवलं. पुढे बरीच नावं येत रट्टराजापर्यंत गाडी येते. त्याच्या बापाने, अवसराने, अव्वेश्वर नावाचं शिवमंदिर बांधलं होतं. त्या देवळासाठी रट्टराजाने तीन गावं दिली.

गावं कशासाठी दिली? देवाची पंचोपचार पूजा चालावी, देवळाची पडझड दुरुस्त व्हावी, तिथल्या तपस्व्यांना, विद्वानांना, त्यांच्या शिष्यांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अन्नवस्त्र मिळावं. म्हणजे देऊळ हे पूजेचं ठिकाण, शाळा आणि धर्मशाळा, तिन्ही होतं.

शिवाय दान फक्त गावांचं नाही. परदेशातून बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण, आणि कंदलमूलीय इथून येणाऱ्या जहाजामागे सोन्याचं एक धरण देवळाला द्यायचं. चेमूल्य आणि चंद्रपूर यांना मात्र सूट! चेमूल्य म्हणजे आपलं चौल आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदोर. गद्याण आणि धरण ही त्या काळची सोन्याची मापं-नाणी. एका ओळीत हजार वर्षांपूर्वीचा कोकण किनारा उभा राहतो की नाही? जहाजं येतायत, जकात घेतली जातेय, आणि त्या पैशावर देवळातला दिवा जळतोय.

या दानपत्रात देवळाच्या सेवेसाठी दिलेल्या कुटुंबांचीही यादी आहे. सेविका, तेली, माळी, कुंभार, परीट. तेल कुणी दिलं, फुलं कुणी आणली, मडकी कुणी घडवली, ते यात दिसतं. पण एक कठीण गोष्टही दिसते. माणसंसुद्धा दानाच्या यादीत होती. त्यांना कुणी विचारलं होतं का, हे ताम्रपट सांगत नाही. जुना लेख वाचताना अभिमान वाटणं ठीक आहे, पण ही ओळ गाळून वाचायची नाही. अभ्यासक सगळ्या ओळी वाचतो.

हे दान स्वीकारणारे आचार्य अंभोजशंभु हे 'मत्तमयूर' परंपरेतले शैव तपस्वी होते. आता गंमत बघा. मिराशींनी आधी जे कलचुरींचे लेख अभ्यासले, त्यांत मध्य भारतातल्या मठांमध्ये हीच मत्तमयूर परंपरा ठळकपणे येते. बिल्हारीच्या लेखात तिची गुरुपरंपरा आहे. म्हणजे जबलपूरकडचे मठ आणि विजयदुर्ग खाडीकाठचं देऊळ एका धाग्यात ओवलेलं. दोन्ही ठिकाणचे लेख हाताळणाऱ्या माणसालाच असा धागा दिसतो. आयुष्यभर एकाच विषयाला चिकटून राहण्याचा हा फायदा.

७. पुन्हा एकदा इजिप्त

आता इजिप्तच्या एडफू गावी जाऊ. तिथे होरस देवाचं भव्य मंदिर आहे. बांधकाम इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण व्हायला इ.स.पू. ५७ साल उजाडलं. भिंतीच्या भिंती लेखांनी भरलेल्या. रोजची पूजा कशी करायची, सण कोणते, देवळाच्या जमिनी किती, सगळं कोरलेलं. हे लेख नकलून छापायचं काम १८९२ मध्ये सुरू झालं आणि एमिल शासिना या फ्रेंच अभ्यासकाने ते १९३४ पर्यंत नेलं. एका देवळासाठी चाळीस वर्षं!

आपल्या देवळांच्या भिंती सहसा अशा लेखांनी भरलेल्या नसतात. आपल्याकडे देवळाची माहिती विखुरलेली. कुठे एक शिळा, कुठे शेतात सापडलेला पत्रा, कुठे कुणाच्या घरच्या पेटीत. तिकडच्या अभ्यासकाला समोर उभं अख्खं देऊळ मिळतं. इकडच्या अभ्यासकाला तुकडे गोळा करून देऊळ मनात उभं करावं लागतं. अव्वेश्वराचंच बघा, पूजेपासून जहाजांच्या जकातीपर्यंतचा त्याचा कारभार आपल्याला कळतो तो केवळ तीन पत्र्यांमुळे. म्हणूनच आपल्याकडचा एकेक तुकडा मोलाचा.

८. आपल्या गावातला दगड

मित्रांनो, आता तुमची पाळी. कोकणात देवळाच्या आवारात, पाणंदीच्या कडेला, तळ्याच्या काठी जुने दगड दिसतात. लढणाऱ्या वीराचं चित्र असलेली वीरगळ. कोपरात दुमडलेला हात कोरलेली सतीशिळा. वर चंद्रसूर्य, मधे मजकूर, खाली गाढवाचं शिल्प असलेला गद्धेगाळ. हे दान कुणी मोडू नये म्हणून कोरलेला तो शाप असतो. शिलाहार काळातले असे दगड कोकणात मिळाले आहेत. मुंबईत परळला सापडलेल्या शके ११०८ च्या शिळेवर संस्कृत मजकुराखाली अशी शापवाणी चक्क मराठीत आहे.

लेख नष्ट होणं ही आजचीच गोष्ट नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकच्या शिळेवर मिराशींनी काम केलं होतं. तिच्यावर आधी प्राण्यांना पकडण्या-मारण्याची बंदी करणारा फार जुना हुकूम होता. काही शतकांनी त्याच शिळेवर रुद्रसेन राजाचा लेख कोरला गेला आणि जुन्या हुकमातली बरीच अक्षरं गेली. आज आपण हेच तेलरंगाने करतो, सिमेंटने करतो. देवळाचा जीर्णोद्धार भक्तीने होतो, त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण पायरीला बसवलेला दगड उलटा गेला, भिंतीवर ग्रॅनाइट चढला, की त्या लेखाचं दुसरं वाचन कधीच होत नाही. मग पहिल्या वाचनात 'रुद्रसेन' निघो की 'सर्वसेन', आपल्याला कळायला मार्ग नाही.

म्हणून एवढं करा :

अक्षरांचा दगड दिसला तर त्याला तेल, शेंदूर, रंग लावू नका आणि लावू देऊ नका. मोठ्यांशी वाद न घालता, समजावून सांगा.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडूने किंवा कोळशाने गिरवू नका. गिरवताना आपण आपल्या मनातलं अक्षर दगडावर लिहितो.

फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात काढा. सावलीमुळे खाचा उठून दिसतात. रात्री बॅटरी बाजूने धरूनही चालतं. फोटोत मोजपट्टी ठेवा.

दगड कुठे आहे, कुठल्या दिशेला तोंड करून आहे, गावात त्याला काय म्हणतात, ते वहीत लिहा. दगड हलवू नका.

जीर्णोद्धार निघाला असेल तर काम सुरू होण्याआधी राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना कळवा.

स्वतः वाचायला जाऊ नका का? जरूर जा! पण जे दिसतं तेच लिहा. जिथे दिसत नाही तिथे टिंबं द्या. रिकामी जागा रिकामी ठेवायला धाडस लागतं. ती रिकामी राहिली, तर पुढचा माणूस भरेल.

थोडक्यात लक्षात ठेवा

• ब्राह्मीच्या वाचनात 'दानं' हा शब्द किल्ली ठरला (१८३७).

• मिराशींचे तीन खंड : कलचुरी-चेदी (१९५५), वाकाटक (१९६३), शिलाहार (१९७७).

• वाशीम ताम्रपटाच्या (१९३९) आधारे अजिंठ्याच्या लेखातलं 'सर्वसेन' हे नाव लागलं आणि वाकाटकांची वत्सगुल्म शाखा स्पष्ट झाली.

• खारेपाटण ताम्रपट (शके ९३०) : देऊळ, बंदर, जकात, कारागीर यांचं नातं दाखवतो. जांभेकर, कीलहॉर्न, मिराशी या क्रमाने वाचन.

स्वाध्याय

१. अजिंठ्याच्या लेखात चुकीचं नाव का वाचलं गेलं असावं? तुमच्या शब्दांत पाच-सहा ओळी लिहा.

२. 'शास्त्रग्रंथ आणि दानपत्र दोन्ही वाचल्याशिवाय जुना धर्म कळत नाही.' खारेपाटणच्या ताम्रपटाचं उदाहरण देऊन स्पष्ट करा.

३. खारेपाटणच्या दानातल्या कुटुंबांपैकी एक निवडा. तेली, माळी, कुंभार किंवा परीट. त्या घरातल्या माणसाला या दानाबद्दल काय वाटलं असेल, याचा विचार करून एक परिच्छेद लिहा. ताम्रपटातून नक्की कळणारं कोणतं आणि तुमची कल्पना कोणती, ते वेगळ्या रंगाने दाखवा.

४. उपक्रम : आपल्या गावातल्या किंवा वाडीतल्या एका जुन्या दगडाची, वर सांगितल्याप्रमाणे, नोंद करा. अक्षरं नसली तरी चालेल. गावातल्या आजी-आजोबांना त्याबद्दल काय ठाऊक आहे तेही लिहून आणा. त्यांचं सांगणं हासुद्धा एक मूळ लेखच आहे, आणि तो तर दगडापेक्षा लवकर पुसला जातो.